तुसाच्या राखेतला दांडा

आखातात सात वर्षं पाइप जोडून परत आलो तेव्हा मी भलताच शेफारलो होतो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये मला काम मिळालं. मालक संगमेश्वराकडचे, साठीला आलेले, अंगाने किरकोळ. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. शेड बघून पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, इथे काय शिकायचंय! आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

काकांचं सगळं प्रेम एका लोखंडी पेटाऱ्यावर होतं. त्यात भाताच्या तुसाची राख भरलेली असायची, गिरणीवरून मागून आणलेली. जाड लोखंडाला वेल्डिंग झालं की ते गार न होऊ देता तसंच गॅसच्या आगीवर चोहोबाजूंनी सावकाश तापवायचं. एक खडू असतो, ठरलेली उष्णता आली की तो लोखंडावर टेकवल्याबरोबर वितळतो. तो वितळला की तासभर ती आग तशीच धरायची आणि मग वस्तू राखेत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जायचं. काका सांगायचे, वेल्डिंगने लोखंड आखडतं. वितळलेला भाग गार होताना शेजारच्याला ओढतो, आणि सांध्याच्या कडेची पट्टी कडक, ठिसूळ होऊन बसते. वरून काही दिसत नाही. सावकाश तापवून सावकाश निववलं तर ते लोखंड सैल पडतं.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिकडे वेल्डिंग करणारा वेगळा आणि तापवणारी टोळी वेगळी. आपण शेवटचा थर भरायचा, हातमोजे काढायचे आणि चहाला जायचं. पुढे त्या सांध्याचं काय होतं ते बघायला मी सात वर्षांत एकदाही थांबलो नव्हतो.

जुलै संपत आला होता. मासेमारीची पावसाळी बंदी उठायला दोनच दिवस होते आणि मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरच्या सुकाणूचा दांडा आमच्याकडे आला होता, मनगटाहून जाड, मधोमध मोडलेला. काका भाताच्या लावणीसाठी गावी निघाले होते. जाताना त्यांनी मला पेटाऱ्यापाशी नेऊन पुन्हा सगळं सांगितलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे मला शिकवणार!

वेल्डिंग मात्र मी झकास केलं. शेवटचा थर भरून मान वर केली तर दारात ट्रॉलरचे मालक उभे, छत्री मिटत. मग काय! मी दांडा त्यांना दाखवायला उजेडात दारापाशी ओढला, हातमोजे काढले, चहा मागवला आणि त्यांना तिकडच्या रिफायनरीच्या गोष्टी सांगत बसलो. बाहेरून ओला वारा सरळ आत येत होता. ते गेले, मी दांड्याला हात लावला आणि माझा हात भाजला नाही, तेव्हा कुठे माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग मी सगळं रीतसर केलं. तापवलं, खडू लावला, तासभर आग धरली, राखेत पुरलं. पण मधल्या त्या गारव्यात तडा गेला असेल तर तो मागाहून तापवून बुजत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एसटीने आले. लावणी अर्धी टाकून आले होते, नखांत चिखल तसाच. दांडा राखेतून काढला. दिसायला सुरेख. त्यांनी एवढंच विचारलं, "मधी गार नाय ना झाला?"

मी "नाही" म्हटलं. अगदी सहज.

दुपारी ट्रॉलरचे मालक टेम्पो घेऊन आले. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता, त्या ट्रॉलरचा तांडेल. समुद्रात सुकाणू त्याच्याच हातात आणि मागे सात खलाशी. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. वाकून सांध्यावर तळवा टेकवला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि दांडा उचलायला हात घातला. मी म्हणालो, "थांबा. हा मधे गार झाला होता. मी खोटं बोललो."

काकांनी सांध्यावर तड्यात मुरणारा लाल रंग फवारला, थोडा वेळ जाऊ दिला, पुसला आणि वरून पांढरी पावडर मारली. बघता बघता सांध्याच्या कडेला एक लाल रेघ उमटली, केसाएवढी.

मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या बोटी पहिल्या दिवशी बाहेर पडणार आणि आपली धक्क्याला डुलत राहणार, हे त्यांनी आम्हाला बऱ्याच शब्दांत ऐकवलं. मला वाटलं, काका आता माझ्याकडे बोट दाखवतील. दाखवायलाच हवं होतं. काका म्हणाले, चूक आमच्या दुकानाची आहे, सगळं कापून नवं करावं लागेल, या वेळी राखेजवळून कोणी उठणार नाही, दोन दिवस जास्त द्या. शेवटी तांडेलच भावाला म्हणाला, "दोन दिवसांत मासली पळून नाय जात."

काकांनी घरी फोन लावला आणि उरलेली लावणी माझ्याशिवाय उरका म्हणून सांगितलं. मग सांधा कापून त्यांनी दांडा माझ्याच हातात दिला. या वेळी मी चहाला उठलो नाही. आग मी धरली, खडू त्यांनी लावला, आणि दांडा राखेत गेल्यावर आम्ही दोघं पेटाऱ्याशेजारी बाकावर बसलो. ते म्हणाले, "खोटा बोललास त्याचा राग हाय. पण दांडा टेम्पोत चढायच्या आधी बोललास, ता बरा केलास." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही, कोणाकडेही.

मला काढून टाकलं असतं तर मी पुन्हा विमानात बसलो असतो आणि तसाच शहाणा राहिलो असतो. त्या माणसाने मला ठेवून घेतलं, चारचौघांत माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. हे उपकार कसे फेडायचे ते मला अजून कळलेलं नाही.

आता शेड मी बघतो. काका गावी असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मी गेलो की आधी राखेची चौकशी करतात. तो ट्रॉलर अजून फिरतो. दर जुलैत तांडेल काही ना काही दुरुस्तीला घेऊन येतो. न्यायला आला की वेल्डिंग कसं झालंय, कोणी केलंय, ते विचारत नाही. सांध्यावर तळवा टेकवतो आणि विचारतो, "राखेजवल कोण बसलेला?"

मी म्हणतो, "मीच."

मग तो माल टेम्पोत चढवतो.