अंकिताचं गाऱ्हाणं

माझी धाकटी जाऊ अंकिता कुणाला माफबिफ करत नाही. वाडीतल्या बायका म्हणतात, तिच्या पोटात राग मुरलाय. मी म्हणते, मुरला तर मुरला. सगळ्यांनी गोडच का असावं?

उमरठच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. अंकिता इथे लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडून अक्षता टाकायला एक मैत्रीण तेवढी होती, तुडीलची श्रुतिका. दोघी महाडकडच्या एका निराधार मुलांच्या वसतिगृहात वाढलेल्या. श्रुतिकेशी बोलायचं तर तिच्या उजव्या बाजूला बसावं लागतं. डावा कान गेलाय. वसतिगृहाच्या अधीक्षकानं तिच्या कानशिलावर पितळी डाव मारला आणि डॉक्टरला सांगितलं, पोरगी जिन्यावरून पडली. त्या वसतिगृहाला जिनाच नव्हता!

या अधीक्षकाचं नाव सुहास. मुलांनी त्याला ‘काका’ म्हणायचं, अशी सक्ती होती. रात्री कुणी अंथरूण ओलं केलं की काका त्याला पहाटे मागच्या हौदात गळ्याइतक्या पाण्यात उभं करायचे, पौषातसुद्धा. रडलं की पट्टा. अंकिता सात वर्षांची असल्यापासून त्या हौदात उभी राहिलेली आहे. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं.

आणि नशीब बघा, हा सुहास निघाला आमच्याच वाडीचा. निवृत्त होऊन, पांढरा सदरा घालून परत आला आणि म्हणाला, देवळाशेजारची गावकीची जागा मला द्या, अनाथ मुलांसाठी आश्रम काढतो. वाडी भारावून गेली. अंकिता भर बैठकीत उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. पुरुष हसले. एक जण म्हणाला, “अगो, शिस्त लावली आसंल. त्याशिवाय तू अशी उभी राहून बोलली आसतीस काय?” माझ्या हातात तेव्हा काही असतं तर मी त्याच्या डोक्यात घातलं असतं. जागेचा निर्णय शिमग्यानंतर घ्यायचं ठरलं.

त्या दिवसापासून अंकिताला धड जेवण जाईना. “वहिनी, पुन्हा पोरं येतील गो त्याच्या हाताखाली,” एवढंच ती म्हणायची.

शिमग्यात आमच्याकडे पालखी घरोघर येते. दारात टेकली की घरवाल्यानं आपलं मागणं सांगायचं आणि वाडीतले जुने मानकरी हैबतीतात्या यांनी ते मोठ्यानं देवापुढे मांडायचं, हे गाऱ्हाणं. घरवाला सांगेल ते तात्यांनी जसंच्या तसं बोलायचं, त्यात फिरवाफिरव करायची नाही. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. खरं सांगायचं तर वाक्य कुणी ऐकत नाही. तात्या थांबले की तोंडं आपोआप उघडतात.

अंकिताचा नवरा दीपक त्या दिवशी महाडला कंपनीत कामावर होता. घरात पुरुष नसला की बाईनं सांगायचं. पालखी टेकली. या वर्षी मानाचा नारळ सुहासच्या हातात होता. डोळे मिटून, भक्तिभावाचं नुसतं प्रदर्शन मांडून तो सगळ्यांत पुढे उभा होता.

अंकिता हळू आवाजात सांगत गेली, तात्या खणखणीत बोलत गेले.

“बा देवा म्हाराजा, ही अंकिता तुझ्या पायाशी उभी हाय!”

“व्हय म्हाराजा!”

“आईबापाविना ती वसतिगृहात वाढली!”

“व्हय म्हाराजा!”

तात्या क्षणभर अडखळले. त्यांनी अंकिताकडे पाहिलं. तिनं मान हलवली, सांगा.

“तितं या सुहासनं ल्हान पोरांना थंडीत हौदात बुडवलान, श्रुतिकेचा कान फोडलान!”

“व्हय म्हाराजा!”

सगळी वाडी म्हणाली. आणि सगळ्यांत मोठा आवाज सुहासचा.

ढोल थांबला. सुहासनं डोळे उघडले. त्याचा चेहरा बघून मला जो आनंद झाला, तो मी लपवणार नाही. “अहो, सवयीनं तोंडातून गेलं,” तो म्हणाला. तात्यांनी त्याच्या हातातून नारळ काढून घेतला. “पालखी टेकलेली हाय. देवासमोर ‘व्हय’ म्हटलास. आता ता परत घेता येत नाय.” बैठकीत हसलेले पुरुष पायाकडे बघत राहिले, कारण ‘व्हय’ त्यांनीही म्हटलं होतं.

“मी तुला भाकर घातली गो,” सुहास रडकुंडीला येऊन म्हणाला.

“भाकर सरकारची व्हती,” अंकिता म्हणाली. “मार तुझा व्हता.”

जागा मिळाली नाही. पण अंकिता तेवढ्यावर थांबली नाही. श्रुतिकेला घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली, मग त्या वसतिगृहातली आणखी मुलं शोधत गावोगाव फिरली. कुणी गवंडी झालेला, कुणी दोन लेकरांची आई. सगळ्यांनी जबाब दिले. सुहासला अटक झाली, तेव्हा तिनं घरी पुरण घातलं. मी तीन पोळ्या खाल्ल्या.

वैशाखात त्याची बायको आनंदीबाई अंकिताच्या दारात आली. वसतिगृहात या बाई नवऱ्याबरोबरच राहायच्या, मुलांच्या खोलीला लागून. त्या रडत म्हणाल्या, “म्हातारा मानूस तुरुंगात मरंल गो. पोलिसांना सांग, तुझी चूक झाली. तुझ्या पाया पडते.”

अंकितानं त्यांना पाणी दिलं. त्या पिऊन होईपर्यंत थांबली. मग विचारलं, “काकी, भिंतीपलीकडं आमी वरडायचो. तुमाला ऐकू यायचं ना?”

आनंदीबाईंनी रिकामं भांडं खाली ठेवलं.

“मग आता मलाही तुमचं ऐकू येत नाय,” असं म्हणून अंकितानं दार लावलं.

आनंदीबाई भर उन्हात उभ्या राहिल्या. शेजारच्या माझ्या ओटीवर मी बसले होते, तिकडे त्यांनी वळून बघितलं. मीही उठले आणि माझं दार लावून घेतलं.