मिठाच्या टाकीची राखण

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात औषधात लागणारं मीठ तयार होतं. आधी ते कढईत आटवायचे आणि कढईवर मी असायचे. खडे कधी वाटाण्याएवढे, कधी पिठासारखे व्हायचे. माझं तोंड मात्र रोज सारखंच भाजायचं.

मग नवं मशीन आलं. त्यात पडद्याच्या बारीक नळ्या आहेत. त्यांतून नुसती पाण्याची वाफ बाहेर पडते, मीठ आत राहतं. पाणी असं सावकाश सुटलं की खडे एकसारखे धरतात. मालक म्हणाले, पहिला माल नीट निघाला तर कढई बंद, नाहीतर मशीन परत. मला मशीनच हवं होतं, पण सांगायचं कसं?

नेमकी पहिल्या मालाच्या दिवशीच खंडेनवमी होती. मालकांच्या आई कोरेगावहून आल्या. त्यांनी सगळ्या मशीनना हळदकुंकू लावलं आणि नव्या टाकीचं झाकण उघडून आत अक्षता टाकल्या. थोड्या वेळात टाकीत नुसता चुरा धरला.

मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. "आई, बारीक कण पडला तरी सगळं बिघडतं."

"देवाच्या अक्षतांनी बिघडतंय व्हय?"

तो बराच वेळ समजावत होता. शेवटी म्हणाला, "लोणच्याच्या बरणीत तुम्ही कुणाला हात घालू देता का?"

"मग आदी सांगायचं न्हाई का रं?"

टाकी धुऊन पुन्हा भरली आणि आई मशीनच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसल्या. मालकांनाही त्यांनी परत पाठवलं. "तुजं काय काम हाय आत?"

दुपारी इंजिनिअर जेवून आला.

"मटण खाल्लंस न्हवं? हाताला वास येतोय. भाईरच थांब." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू जा गं आत, हात धुऊन."

इंजिनिअर खिडकीबाहेरून ओरडला, "पंपाचा काटा हिरव्या रेघेवर आहे का?"

मी मान हलवली.

"ताई, मान हलवलेली मला दिसत नाही."

त्याच्याशी मी आजवर एक शब्द बोलले नव्हते. डोळे मिटून ओरडले, "हिरव्या रेघेच्या लय पुढं गेलाय."

अख्खी शेड हसली.

"पंप कमी करा. अजून थोडा."

"आला रेघेवर." हे मात्र मी डोळे उघडे ठेवून ओरडले.

संध्याकाळी माल चाळला. सगळे खडे सारखे. मालकांनी मूठभर हातावर घेऊन बोटानं पसरून पाहिले आणि म्हणाले, "कढई काढा."

कढई जड होती, माणसं कमी पडत होती. कुणी बोलवायच्या आत मी जाऊन एका कड्याला हात घातला.