काळजाचा पेपर आणि पहिलं नाव

दुकानात मोबाईल द्यायला आलेला माणूस स्टुलावर टेकला की एक प्रश्न विचारतोच. "एवढा एम.ई. करत होता, मंग सोडलं काऊन बे?" सुरुवातीला मी एका वाक्यात उत्तर द्यायचो. मग एक किस्सा सांगू लागलो. तो समजायला दुसरा सांगावा लागायचा, दुसऱ्यातून तिसरा निघायचा, आणि तोवर गिऱ्हाइकाची स्क्रीन बसवून व्हायची. आता दुसरबीडच्या स्टँडवरची मंडळी बस उशिरा असली की स्वतःहून येऊन बसतात. मोबाईल चांगला असला तरी!

आमचे घरचे म्हणतात, कॉलेजातल्या सरांबद्दल असं चारचौघांत बोलू नये, मोठी माणसं आहेत. मी कुठं काय बोलतो? ते जे बोलले तेवढंच सांगतो. त्यात त्यांची अब्रू जात असेल तर बोलताना त्यांनी विचार करायचा होता.

तर बुलढाण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आमची लॅब होती. काम हृदयाच्या सिग्नलवर. माणसाच्या छातीवर चकत्या चिकटवायच्या, ईसीजीचा आलेख कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि त्यातले ठोके प्रोग्रामनं ओळखायचे. वानखडे सर आमचे गाइड. मी एम.ई.ला, सुवर्णा गवई पीएचडीला. सुवर्णा सिंदखेडराजा तालुक्यातली, तिच्या घराण्यात पीएचडीपर्यंत पोचलेली पहिलीच. तिला थिसीस जमा करायचा तर एका शोधनिबंधावर, म्हणजे आमच्या भाषेत पेपरवर, तिचं नाव पहिलं पाहिजे अशी अट होती. नाव नुसतं असून भागत नाही, पहिलं पाहिजे. बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा.

*

ईसीजी घेताना सगळ्यात मोठा त्रास विजेचा. भिंतीतल्या वायरींची घरघर त्या आलेखात शिरते आणि रेघ केसाळ सुरवंटासारखी दिसते. एके दुपारी कॉलेजातली लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, त्यामुळे रेकॉर्डिंग थांबलं नाही. आणि रेघ अशी स्वच्छ आली की आम्ही दोघं बघतच राहिलो. घरघर करायला वीजच नव्हती ना!

वानखडे सरांनी आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आलेख छापून घेतले आणि तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. आम्ही मागे. प्राचार्य खूश. एवढी सफाई कशानं आली, असं त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "घरघर गाळायला आपल्या लॅबचा स्वतःचा फिल्टर आहे सर."

सुवर्णा हळूच म्हणाली, "सर, लाईट गेलती."

सरांनी ऐकलंच नाही. बाहेर आल्यावर मात्र तिच्यावर उखडले. प्राचार्यांपुढं बोलून झालंय, आता मागं घेता येत नाही, तेव्हा फिल्टर बनवायला लाग! खोटं सर एका वाक्यात बोलले, ते खरं करायला सुवर्णाचं सगळं वर्ष गेलं. पण तिनं केलं. भर विजेत, पंखा आणि ट्यूबलाईट चालू असताना, लाईट गेल्यावर येते तशी रेघ तिच्या प्रोग्रामनं काढून दाखवली. त्या दिवशी तिनं लॅबमधल्या सगळ्यांना समोसे खाऊ घातले. सरांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, आपला फिल्टर आहे म्हणून."

*

मग पेपर लिहायची वेळ आली. लिहिला सुवर्णानं, आलेख काढले मी. पहिल्या पानावर तिनं तीन नावं टाकली: तिचं, माझं, शेवटी सरांचं. मार्गदर्शकाचं नाव शेवटी घालायची तशी पद्धतच आहे.

सरांनी कागद हातात घेतला. आतलं एक अक्षर वाचलं नाही, नावं तेवढी वाचली. मग स्वतःचं नाव उचलून वर नेलं. त्याच्या खाली प्राचार्यांचं घातलं, कारण लॅबचा एसी त्यांनी मंजूर केला होता. मग स्वतःच्या मेव्हण्याचं. मेव्हणे आमच्याच कॉलेजात सिव्हिलला, त्यांचा विषय काँक्रीट. हृदयाच्या पेपरात काँक्रीटचा माणूस काऊन, असं मी विचारलं.

सर म्हणाले, "त्याचं प्रमोशन अडकून राह्यलं बाप्पा."

एसीचं नाव तेवढं घालायचं राहिलं. तो बिचारा रोज आठ तास काम करत होता!

सुवर्णाचं नाव शेवटून दुसरं गेलं. शेवटचं माझं.

*

ती सरांकडे गेली. एकटी जाऊ नकोस म्हणून मी सोबत गेलो. केबिनमध्ये मेव्हणेही चहा पीत बसलेले. तिनं अगदी शांतपणे सांगितलं की फिल्टर मी बनवला, पेपर मी लिहिला, आणि पहिलं नाव नसलं तर माझा थिसीसच जमा होत नाही.

सरांनी तिला समजावून सांगितलं. समजावून सांगायची त्यांना फार हौस. म्हणाले, उद्या तुझं लग्न होईल, आडनाव बदलेल, मग हे पहिलं नाव कोणाच्या कामाचं? दुसऱ्या पेपरात बघू. अजून वय काय तुझं. मेव्हणे मान हलवत होते. काँक्रीटवाल्याला लग्नाचं बरंच कळत होतं!

मग सरांनी शेवटचा मुद्दा काढला. "हे पाह्य सुवर्णा, पंगतीत पहिले मोठे मानसं बसतात. हे आपले संस्कार हायेत."

सुवर्णा म्हणाली, "हाव सर. पन सैपाक कोनं केला हे जेवनाऱ्याले माहीत असते."

मेव्हण्यांच्या बशीतला चहा सांडला. सर म्हणाले, तू हल्ली फार बोलायला लागलीस, याच्या संगतीचा परिणाम आहे. 'याच्या' म्हणजे माझ्या. पेपर त्याच दिवशी, त्याच नावांनी, जर्नलकडे गेला. तोही सुवर्णालाच पाठवायला लावला, कारण जर्नलच्या वेबसाइटवर फाइल कशी चढवायची हे सरांना येत नव्हतं.

*

त्याच सुमारास कॉम्प्युटर विभागात एक नव्या मॅडम आल्या. बाहेरच्या, सरळमार्गी, कॉलेजची काहीच माहिती नाही. त्यांचा अभ्यास लेखक ओळखण्याचा. एखादा मजकूर कोणी लिहिला हे त्याच्या ढंगावरून ठरवायचं: कोण केवढी वाक्यं लिहितो, कोणते शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, स्वल्पविराम कुठं टाकतो. आम्ही हृदयाचा ठोका ओळखतो, त्या लिहिणाऱ्याचा हात ओळखतात म्हणा.

मॅडमनी प्रोग्राम तपासायला सगळ्या प्राध्यापकांकडून त्यांचे छापून आलेले पेपर मागवले. वानखडे सरांनी दिले, प्राचार्यांनी दिले, मेव्हण्यांनी काँक्रीटचे दिले. सगळ्यांनी हौसेनं दिले. प्रोग्रामनं या तिघांचे पेपर वेगळे करायला साफ नकार दिला. अलीकडचे सगळे एकाच ढिगात टाकले आणि सांगितलं, लिहिणारा माणूस एकच.

मॅडमला वाटलं आपला प्रोग्राम बिघडला. बिचाऱ्या आठवडाभर चूक शोधत बसल्या. शेवटी सुवर्णाकडे आल्या, तुला यातलं कळतं म्हणे, जरा बघ. सुवर्णानं ढिगातली स्वतःचीच वाक्यं पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा प्रोग्राम लय चांगला हाय."

मॅडमनी तो निकाल मीटिंगमध्ये जसाच्या तसा मांडला. मी दाराशी उभा होतो, प्रोजेक्टरची वायर धरून. मला वाटलं आता काहीतरी होणार. कोणाची तरी मान खाली जाईल.

प्राचार्य उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. म्हणाले, "सगळ्यांचा विचार एक, शैली एक. यालाच टीमवर्क म्हणतात."

वार्षिक अहवालात छापलंय. फोटोसकट.

*

आता मी कसा सुटलो तो किस्सा.

जर्नलनं कळवलं की पेपर आवडला, पण प्रोग्राम आणखी माणसांवर चालवून दाखवा. आणखी माणसं आणायची कुठून? सरांनी मला धरलं. आमचं गाव सुलतानपूर. माझ्या शब्दावर गावातली बरीच माणसं तयार झाली. देवळाच्या ओट्यावर लॅपटॉप मांडला, एकेकाला आडवं केलं, चकत्या लावल्या. त्यात शेजारचे शामरावकाका होते. वांगी-टोमॅटो लावतात, स्वतःच टेम्पोत चढवतात, धडधाकट माणूस.

काकांच्या आलेखात ठोके मध्येच चुकत होते. चकत्या बदलून बघितल्या, दुसऱ्यांदा घेतलं, तेच. ही वायरीची घरघर नव्हती. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सरांना दाखवलं. ते म्हणाले, हे रेकॉर्ड काढून टाक, यानं आपली अचूकता खाली येते.

मी म्हटलं, काढतो, पण काकाले दवाखान्यात पाठवा लागन.

"असं सांगत बसला तर त्या गावातून पुन्हा कोणी येईन का?" सर म्हणाले. "लोकायले भेव दाखवायचं आपलं काम नाही."

हृदयावर संशोधन करणारा माणूस हे बोलत होता! समोर टेबलावर प्लास्टिकचं उघडं हृदय ठेवलेलं, त्यातले कप्पे पाहुण्यांना दाखवायला.

मी तिथूनच काकांना फोन केला. घाबरवायचं नाही म्हणून म्हटलं, बुलढाण्याला या, थोडं काम आहे. स्टँडवरून सरळ सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं आणलं, ओझी उचलणं बंद करा. गोळ्या चालू झाल्या. आता काका टेम्पोजवळ खुर्ची टाकून बसतात आणि पोरांवर ओरडतात. चांगले आहेत.

पण किस्सा तो नाही. काकांना वाटलं, जीव वाचला तो कॉलेजमुळं. म्हणून पुढच्या आठवड्यात त्यांनी पोतंभर वांगी सरांकडे पाठवली. सरांनी घेतली! वरून आम्हाला बोलावून म्हणाले, "पाहा, आपल्या संशोधनाचा समाजाला किती उपयोग होतो."

मी ओळखपत्र वांग्यांच्या पोत्यावर ठेवलं आणि खाली उतरलो. सरांनी सगळीकडे सांगितलं, त्याले अभ्यास झेपत नव्हता.

*

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी दुकान टाकून बरेच दिवस झाले होते. पेपर छापून यायच्या बेतात होता, वानखडे सरांचं नाव पहिलं घेऊन. सुवर्णाच्या थिसीसची मुदत जवळ आलेली. तिनं शेवटी जर्नलला मेल केला, माझं काम असं असं आहे, पुरावे जोडले आहेत. सरांना सांगितलं नाही. मला सांगितलं.

एके दिवशी ती बसमधून उतरून दुकानात आली. मोबाईलचा कानाकडचा स्पीकर गेला होता, मोठ्या स्पीकरवर टाकलं तरच ऐकू यायचं. मी तो उघडायला घेणार तेवढ्यात सरांचा फोन आला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घे.

सर घाबरलेले होते, हे आवाजावरूनच कळत होतं. म्हणाले, जर्नलवाल्यांचा मेल आलाय. कोणीतरी तक्रार केली. नाव सांगत नाहीत. फिल्टर कोणी बनवला, प्रोग्राम कोणी लिहिला, पेपर कोणी लिहिला, हे माझ्या सहीनं लेखी मागितलंय. मी जे लिहून देईन त्याप्रमाणे ते नावं लावणार. आज संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे.

सुवर्णानं फोन माझ्या काउंटरवर ठेवला.

"त्या सुलतानपूरच्या बदमाशानंच केलं असन," सर म्हणाले. "दुसऱ्या कोनाची हिंमत हाय?"

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. सुवर्णानं मला हातानंच बस म्हणून खुणावलं.

"ते जाऊ दे. तू एक काम कर," सर म्हणाले. "त्यायचे सगळे प्रश्न पाहून चांगल्या इंग्रजीत उत्तर लिही. खाली माहं नाव टाक. पाठवून दे, मी सही करून लगेच पुढं धाडतो."

ती म्हणाली, "सर, कोनं काय केलं ते खरं खरं लिहू?"

"मंग? आपल्याले काय लपवायचं हाय?"

"एकदा वाचून घ्या मंग, सही करायच्या पहिले."

पलीकडून सर हसले. फोन आल्यापासून पहिल्यांदाच मोकळं हसले.

"पोरी, मले तुह्यावर पूर्ण भरोसा हाय. तू लिहिलेलं आजपर्यंत मी कधी वाचून पाह्यलं का?"

फोन बंद झाला. सुवर्णानं माझ्या काउंटरवरचे उघडे मोबाईल एका बाजूला सारले, आणि लॅपटॉप काढला.