आधी वस्ती, मग विहीर

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ. मला नांदेडहून उचलून तिथं टँकरच्या कामावर बसवलं. माझा पारा तसाही लवकर चढतो. त्या उन्हाळ्यात तो खाली उतरतच नव्हता.

एका सकाळी देवणीकडच्या एका गावचे सरपंच तणतणत आले. आमच्या ड्रायव्हरनं टँकर गावच्या विहिरीवर नेण्याआधी बौद्ध वस्तीत उभा केला होता. "असला माणूस आम्हाला नको," म्हणाले आणि गेले. ड्रायव्हर रोजंदारीवरचा; मी नुसतं उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. हेडक्लार्क म्हणाले, "काढून टाका साहेब, कशाला डोक्याला ताप?"

मी ड्रायव्हरला आत बोलावलं. एरवी विचारल्याशिवाय न बोलणारा माणूस. "टँकर विहिरीत ओतायचा, असं ठरलंय ना?" मी जरा करड्या आवाजात विचारलं. त्यानं गाडीची किल्ली माझ्या टेबलावर आपटली.

"हाव, ठरलंय. विहिरीत ओततो अन् मोकळा होतो. अन् त्याच वस्तीत दिलेली माझी बहीण घागर घेऊन लांब उभी राहती. तिनं विहिरीला हात लावायचा न्हाई. कुणाला दया आली तर वरून ओतणार. पोटुशी हाय ती, साहेब. लई झालं. घ्या तुमची किल्ली." आणि एवढा दांडगा गडी भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागला.

"साहेबांपुढं आवाज?" म्हणत हेडक्लार्क डोकावले. मी त्यांना हातानंच घालवलं. गप्प बस, पाणी पी, असलं काही त्याला म्हटलं नाही. राग आला होता, पण त्याच्यावर नव्हे.

तो शांत झाल्यावर त्याच्यासमोरच हुकूम लिहिला: त्या गावी टँकर आधी वस्तीवर थांबेल, तिथली भांडी भरली की मग विहीर. किल्ली पुढं सरकवली. "उद्या तुम्हीच न्या."

"मी न्हाई, साहेब. दुसऱ्याला धाडा. मी नेलं तर गाव म्हणंल, भावानं पाजलं. दुसऱ्यानं नेलं तर म्हणंल, सरकारनं धाडलं."

दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर घेऊन मी स्वतः गेलो. सरपंचांनी हुज्जत घातली, हुकूम वाचला, निघून गेले. वस्तीतल्या बायकांनी स्वतः नळी धरून घागरी भरल्या. एका पोटुशीनं घागर भरली आणि टँकरच्या केबिनमध्ये वाकून पाहिलं.

"माझा भाऊ न्हाई आला? काढलं का त्याला?"

"नाही बाई, कामावर आहे. आज उदगीरकडं गेलाय."

तिचा विश्वास बसेना. "डोळ्यानं बघितल्याबिगर ही घागर मी उचलत न्हाई," म्हणाली आणि तिथंच बसली.

संध्याकाळी मी त्याला जीपमध्ये घालून वस्तीवर नेलं. ती घागरीशेजारीच होती. आधी रडली, मग पाणी घरात नेलं.