अठरा गुण

मुकादम बाई पेपर तपासताना फुली मारत नसत. मुलाचं लक्ष जिथे सुटलं, नेमक्या त्या आकड्याभोवती लाल गोल काढायच्या आणि समासात लिहायच्या, "इथे कुठे गेला होतास?" या प्रश्नाचं उत्तर मुलाने त्याच पानावर लेखी द्यायचं. "रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला" हे उत्तर चालायचं. "भूक लागली होती" हेही चालायचं. "माहीत नाही" लिहिलं, की बाईंचा आवाज टोलनाक्यापर्यंत जायचा.

खालापूरजवळच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा बाईंना तिथे गणित शिकवून पंचवीस वर्षं होत आली होती. भिसेगावला राहायच्या, रोज एसटीने यायच्या. ठेंगण्या, डोक्यावर पदर, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि राग त्या चष्म्याच्या थोडा पुढे. 'सिली मिस्टेक' हे शब्द त्यांना अजिबात खपत नसत. एखादा पालक म्हणाला, "येतं हो त्याला सगळं, फक्त सिली मिस्टेक झाली," की बाई विचारायच्या, "ड्रायव्हरला गाडी येते, फक्त ब्रेक मारायचा राहिला, तर तुम्ही त्यालाही सिली म्हणणार का?"

एका मुलाने गणितात माणसाची उंची एकशे पंच्याहत्तर मीटर काढली होती. बाईंनी त्याचा दंड धरून त्याला पटांगणात नेलं आणि विजेचा उंच टॉवर दाखवला. "तुझा बाप याच्या तिप्पट हाय? घरात मावतो कसा रं?" रागावल्या की बाईंच्या तोंडी अशी गावची बोली यायची. मुलं हसली, तोही हसला. पण त्या वर्षापासून त्या वर्गात एकक लिहायला कुणी विसरलं नाही. उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं, प्रश्न पुन्हा वाचायचा, आणि आपलं उत्तर खऱ्या जगात उभं राहतं का ते बघायचं. "उत्तर आलं म्हणजे काम अर्धं झालं," असं त्या म्हणायच्या.

सरिता निरगुडे या शिस्तीत तयार झालेली मुलगी. डोंगरातल्या वाडीवरून तासभर चालत यायची. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. वाडीवरून सायन्स करणं शक्य नव्हतं, प्रॅक्टिकल संपेपर्यंत परतीची शेवटची गाडी निघून जायची. बाईंनी पुण्यातल्या एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह शोधून काढलं होतं. राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत. अट एकच, दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण.

निकाल लागला. सरिताला गणितात शहात्तर.

बाई म्हणाल्या, "शक्य नाय." तिसऱ्या दिवशी शाळा सुरू झाली, तेव्हा त्यांनी कपाट उघडून अंतर्गत गुणांची शाळेची प्रत काढली. लेखी परीक्षा ऐंशी गुणांची. उरलेले वीस शाळा देते आणि ते ऑनलाइन भरले जातात. बाईंच्या हस्ताक्षरातल्या यादीत सरितापुढे वीस होते. भरलेल्या यादीच्या छापील प्रतीवर होते ०२. खाली बाईंची सही.

ते गुण मी भरले होते. गणिताची, विज्ञानाची, सगळी यादी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिली होती, कारण मी नवीन होते आणि मला कॉम्प्युटर येत होता. वीसच्या जागी माझ्या बोटांनी शून्य-दोन दाबलं, आणि मी पुढच्या नावावर गेले.

बाईंनी कागद माझ्यासमोर धरला. "वैशाली, तू भरलंस. मी न वाचता सही केली. चल."

मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, संगणकाची चूक म्हणून लिहू. कुणाचंच नाव यायला नको."

मला हायसं वाटलं. आज ते लिहिताना स्वतःची चीड येते, पण वाटलं होतं.

"संगणकाला बोटं असतात का साहेब?" बाई म्हणाल्या.

"शाळेचं नाव जाईल. शिवाय शहात्तर काही वाईट नाहीत, वाडीवरच्या मुलीला."

बाईंनी पर्समधून पेन काढलं. "पुन्हा बोला. मला लिहून घ्यायचंय. खाली तुमची सही पाहिजे."

त्यांनी समोरची फाईल मिटली. पण बाईंनी नावांसह लिहिलेल्या दुरुस्तीच्या पत्रावर ते सही करेनात. चार दिवस बाई प्रत्येक मोकळ्या तासाला त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी सही केली.

त्याआधी, चूक सापडली त्याच दिवशी, बाई मला म्हणाल्या होत्या, "आता वाडीवर जायचं. तुझ्या तोंडाने तू सांगायचं." मी रडले. त्या म्हणाल्या, "रड, पण चालत चालत रड."

सरिता घराच्या ओट्यावर बसली होती. शेजारी तिचे वडील, मांडीवर प्रश्नपत्रिका, भोवती वहीची सुटी पानं. आम्हाला बघून ती उठली आणि मी काही बोलायच्या आत बाईंना म्हणाली, "बाई, चार येळा पेपर परत सोडवला. चूक सापडंना. माझं कुठं चुकलं?"

मुकादम बाई ओट्यावर बसल्या. पंचवीस वर्षं त्यांनी मुलांना स्वतःची चूक शोधायला शिकवलं होतं, आणि ही पोर तीन दिवस दुसऱ्यांची चूक स्वतःच्या वहीत शोधत होती. मी सांगितलं. सरिताने हातातली पानं नीट जुळवली, प्रश्नपत्रिकेत ठेवली आणि आत निघून गेली. तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "आता काय करायचं मॅडम?"

आम्ही बोर्डाच्या मुंबई विभागाच्या कार्यालयात खेटे घातले. साहेब रजेवर. अर्जाचा नमुना जुना. शिक्का पुसट. एका कारकुनाने बाईंना सांगितलं, "चुकून होतं हो, एवढं काय?" बाई खिडकीच्या गजांना धरून ओरडल्या, "पोरीने चूक केली तर गुण कापता! तुमचे कोण कापतो?" पण अर्ज त्या दिवशीही पुढे सरकला नाही.

पाच आठवड्यांनी चौऱ्याण्णव झाले. तोवर वसतिगृहाची यादी बंद झाली होती. बाई पुण्याला जाऊन आल्या, तिथल्या अधीक्षिकेच्या पाया पडायच्याच बाकी राहिल्या. उपयोग झाला नाही. अठरा गुण परत मिळाले, सायन्स मिळालं नाही. सरिताने कर्जतला आर्ट्सला नाव घातलं. सकाळचं कॉलेज, दुपारच्या गाडीने परत.

माझ्याकडून गुण भरण्याचं काम गेलं नाही. उलट सही त्यांची होती म्हणून बाईंना नोटीस आली, दहावीचे वर्ग काढून पाचवीचे दिले. त्या पाचवीलाही तशाच ओरडून शिकवत राहिल्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मी भरलेली प्रत्येक यादी मात्र माझ्या शेजारी बसून मोठ्याने वाचून घ्यायच्या, एकेक नाव, एकेक आकडा. मला ते अपमानाचं वाटायचं. आता माझ्याकडे नवे शिक्षक याद्या आणतात, तेव्हा मीही त्यांना तसंच बसवते, आणि तेही माझ्यावर चिडतात. चिडू देत.

बाईंच्या निरोप समारंभात मुख्याध्यापक बोलले, "मुकादम मॅडमच्या हातून इतक्या वर्षांत एकही चूक झाली नाही."

बाई खुर्चीवरून उठल्या आणि माईक हातात घेतला. "साहेबांनी तपासून बोलावं. माझ्या सहीने एका मुलीचं शिक्षण बदललं. ती चूक मोजल्याशिवाय मला शाल घालू नका." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर मी त्यांना गाठलं. "बाई, मला माफ केलंत का?"

"मला काय विचारतेस गं? तिला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. वाडीवर मी चूक सांगितली होती, माफी मागितली नव्हती.

सरिता आता कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला बसते. पुढच्या रविवारी मी तिथे गेले. तिने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी जे बोलायचं ते बोलले. ती काउंटरच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "राग गेला नाय बाई. खोटं कशाला सांगू?"

मी बाहेर येऊन मुकादम बाईंना फोन केला आणि सरिता काय म्हणाली ते सांगितलं.

"बरोबर हाय तिचं," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.