अस्तराखालची चिठ्ठी

बिंदू चौकाच्या मागच्या बोळात आकाराम चौगल्याचं बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं बोळातच थांबायचं. पण शहरातल्या निम्म्या वकिलांची जाडजूड पुस्तकं आणि विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध इथूनच नवे कपडे घालून बाहेर पडतात. खळ तो अजून स्वतः शिजवतो, मैद्याची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. त्याची शिलाई सुटलेली कुणी पाहिलेली नाही आणि त्याचा राग सुटलेलाही कुणी पाहिलेला नाही. एका वकिलानं तीस वर्षांपूर्वी त्याला ‘ए बाइंडर’ अशी हाक मारली होती. त्या वकिलाची पुस्तकं आजही सगळ्यांच्या शेवटी होतात. वकील बिचारा समजतो की दुकानात काम फार असतं.

हे झाले किरकोळ राग. मोठा राग एकच होता, तो त्यानं अकराव्या वर्षी धरला आणि त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत जपला.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. आकारामचा बाप केरबा बिद्रीकडचा, शाहूपुरीत गुळाच्या बाजारात हमाली करायचा. पोरगं शाळेत हुशार. शाळेच्या लायब्ररीतून त्याला एक चित्रांचं पुस्तक मिळालं, ‘बारा महिन्यांची टोपली’. दर महिन्याला एक पान. चैत्राच्या पानावर खारूताईनं गवताच्या काडीची गुढी उभारली होती, पोपटांच्या गळ्यात साखरेच्या माळा होत्या आणि मुंग्या पंगतीला बसून कैरीची डाळ खात होत्या. आकारामनं ते पान चुलीपुढं बसून आईला वाचून दाखवलं. चिमणाबाईला अक्षरओळख नव्हती. भाकरी थापता थापता ती मुंग्यांच्या पंगतीला इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. आई अशी हसलेली त्यानं आधी पाहिली नव्हती, आणि पुढंही पाहिली नाही.

पाडव्याच्या आधी पुस्तक परत करायचं होतं. लायब्ररी सांभाळणारे मास्तर वर्गावर गेले की त्यांचा सातवीतला मुलगा यज्ञेश्वर खिडकीत बसायचा. आकारामनं पुस्तक त्याच्या हातात दिलं. यज्ञेश्वरनं आतल्या चिठ्ठीवर तारीख घातली, सही केली आणि ‘जा’ म्हणाला. तीन दिवसांनी प्रार्थना संपल्यावर मास्तरांनी सगळ्या शाळेपुढं मोठ्यानं वाचलं, “आकाराम केरबा चौगले, सहावी ब. पुस्तकचोर.”

“म्या परत दिलंय,” आकाराम म्हणाला आणि त्यानं यज्ञेश्वरकडं बोट दाखवलं.

यज्ञेश्वर झेंड्याच्या खांबाकडं बघत म्हणाला, “मला नाही दिलं.”

सहा छड्या बसल्या. छड्यांचं काही नाही, त्या काळी छड्या खाऊनच पोरं मोठी व्हायची. पण बातमी बाजारापर्यंत गेली. केरबानं पोराला शाळेतून काढलं. “पुस्तकात हात घालायची हौस हाय न्हवं? मग जलमभर घाल,” म्हणत त्याला एका बाइंडरच्या हाताखाली नेऊन बसवलं. आईनं पोराला मारलं नाही, बोलली नाही. घरात एक लोखंडी ट्रंक होती, तिची किल्ली तोवर भिंतीतल्या दिवळीत उघडी पडलेली असायची. त्या संध्याकाळी चिमणाबाईनं ती उचलली आणि कनवटीला खोचली.

ती किल्ली तिथंच राहिली. आकाराम कमावता झाला, त्याचं लग्न झालं, त्यानं दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं, तरी किल्ली सून धोंडुबाईच्या हाती गेली नाही. आता ट्रंकेत काय असणार, दोन जुनेरं आणि घरफाळ्याच्या पावत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी तरीही अंघोळ झाली की आधी किल्ली चाचपायची. आकाराम ते रोज बघायचा. आईनं आपल्याला चोर म्हटलं नाही, पण चोर मानलं, हे त्याला रोज सकाळी नव्यानं कळायचं. ती डोळे मिटायच्या आत तिच्या कानावर खरं काय ते पडावं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि ते यज्ञेश्वरच्या तोंडून पडावं. दुसऱ्या कुणाच्या तोंडचं त्याला चालणार नव्हतं.

यज्ञेश्वर इकडं मोठा साहेब होऊन निवृत्त झाला होता. राजारामपुरीत बंगला. दरवर्षी चैत्रातल्या तृतीयेला त्याच्या अंगणात ‘पुस्तकांची चैत्रगौर’ बसायची. लाकडी पायऱ्यांवर आरास, पण फराळाच्या ताटांऐवजी लहान मुलांची जुनी पुस्तकं. वर आंब्याच्या डहाळ्या, मध्ये पाळण्यात गौर, पुस्तकांवर साखरेच्या गाठी. मुलांच्या डोक्यावर मोगऱ्याचे गजरे, हातात पळसाच्या द्रोणातली कैरीची डाळ आणि पन्ह्याचे पेले. यज्ञेश्वर एक पुस्तक उघडायचा आणि त्यातली वसंत ऋतूची गोष्ट वाचून दाखवायचा. पेपरात फोटो यायचा. आकाराम तो फोटो कापायचा आणि खळीच्या पातेल्याखाली ठेवायचा.

आणि या वर्षी फाल्गुन सरता सरता यज्ञेश्वरची नात भैरवी स्कूटीवरून दुकानात आली. कॉलेजातली पोर, बोलायला मोकळी. त्यांचा नेहमीचा बाइंडर धंदा बंद करून गावी गेला होता.

“काका, आजोबांचं सगळ्यात लाडकं पुस्तक आहे. कधी बाहेरसुद्धा काढत नाहीत. या वर्षी त्यांची पासष्टी जवळ आलीय, म्हणून हेच वाचणार म्हणतात. पाठीचा भाग पार सुटलाय.”

तिनं कापडात गुंडाळलेलं पुस्तक फळीवर ठेवलं. ‘बारा महिन्यांची टोपली’.

आकारामनं नाव सांगायची वेळच आली नाही. पाटीवर नुसतं ‘चौगले’ होतं, आणि कोल्हापुरात दगड भिरकावला तर तो एखाद्या चौगल्यालाच लागतो. पुस्तकाबरोबर यज्ञेश्वरच्या अक्षरातला कागद होता: ‘पाठ नवी करावी. सुरुवातीच्या अस्तराच्या कागदाला हात लावू नये.’

हीच त्याची चूक. पाठ नवी करायची तर पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं अस्तर उचलावंच लागतं. भिंतीला हात न लावता घर बांध असं कुणी गवंड्याला सांगत नाही. बाइंडरला असं सांगितलं की तो पहिला हात तिथंच लावतो.

भैरवी गेल्यावर आकारामनं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. अस्तराचा निळा कागद वाकडातिकडा चिकटवलेला होता, कडेला कणकेच्या खळीच्या गाठी. पोरानं केलेलं काम. त्यानं ओलं फडकं त्यावर पसरलं, घटकाभर थांबला आणि हाडाच्या पट्टीनं कागद हळूहळू उचलला. खाली शाळेचा शिक्का होता. त्याच्याखाली लायब्ररीची चिठ्ठी, तिच्यावरचं शेवटचं नाव: ‘आकाराम केरबा चौगले, ६ ब.’ आणि पुढं जांभळ्या शाईत, ‘परत. ३०-३-७३. य.’

आकारामनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

सुरी हाताशीच होती. चैत्राचं पान उघडून त्यानं खारूताईच्या मानेवर सुरीचं टोक ठेवलं. एक रेघ ओढली असती की साहेबाचा वसंत दोन तुकडे झाला असता. पण पुस्तकानं काय घोडं मारलं होतं? त्यानं सुरी ठेवली. रागाला घाई करायची नसते, खळीसारखा तोही मंद आचेवरच शिजवावा लागतो.

पुढचे आठ दिवस त्यानं दुसरं काम घेतलं नाही. लाल कापड, सोनेरी अक्षरं, रेशमी दोऱ्याची शिलाई. अस्तराला नवा कागद घातला आणि त्या कागदात बरोबर चिठ्ठीच्या मापाची चौकट कापली. भिंतीवर फोटो लावावा तशी चिठ्ठी त्या चौकटीत बसली. मग पुस्तक पांढऱ्या कागदात गुंडाळलं, सुतळीनं बांधलं, वर हळदकुंकू लावलं. भैरवी न्यायला आली तेव्हा म्हणाला, “आमच्या दुकानाची रीत हाय. चैतातलं पुस्तक बांधून देतो, आन् वाचणाऱ्यानंच गाठ सोडायची. मधी कुणी सोडली तर पुस्तक लाभत न्हाय.” रीत खरीच होती, त्याच्या उस्तादाची. आजवर तिचा त्याला कधी उपयोग झाला नव्हता.

“काका, तुम्ही पण या ना कार्यक्रमाला,” भैरवी म्हणाली.

“येतो की. आईला बी आणतो.”

तृतीयेला संध्याकाळी पाच वाजता आकारामनं आईला रिक्षानं राजारामपुरीत आणलं आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. कुठं आणलंय ते तिला सांगितलं नव्हतं. अंगण पोरांनी भरलं होतं. यज्ञेश्वर झब्बा घालून पुढं आला, वसंताचं स्वागत पुस्तकांनी करावं वगैरे नेहमीचं बोलला, आणि सगळ्यांसमोर सुतळीची गाठ सोडली. लाल पुस्तक बघून पोरं ‘आहा’ म्हणाली. त्यानं पुठ्ठा उघडला आणि तो तसाच उभा राहिला.

आकाराम जागेवरून उठला. “वाचा की साहेब. पयल्या पानापासनं वाचा.”

यज्ञेश्वरनं मान वर केली. बावन्न वर्षांत माणसाचा चेहरा पार बदलतो, पण त्याला ओळखायला क्षण लागला नाही. म्हणजे तोही विसरला नव्हता, हे आकारामला समजलं आणि त्याचा राग आणखी वाढला.

“नंतर बोलू आपण,” यज्ञेश्वर हळू म्हणाला.

“नंतर न्हाय. तवा तुमच्या वडलांनी समद्या शाळंपुढं वाचलंतं. आता समद्या पोरांपुढं वाचा. मोठ्यानं.”

भैरवी आजोबांकडं बघत होती. यज्ञेश्वरनं वाचलं, “आकाराम केरबा चौगले. सहावी ब. परत. तीस मार्च त्र्याहत्तर.” मग तो अडखळला. “य.”

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “आजोबा, य म्हणजे कोण?”

हा प्रश्न आपण विचारायचा असं आकारामनं आठ दिवस घोकलं होतं, पण पोरीच्या तोंडून तो जास्त लागला.

“मी,” यज्ञेश्वर म्हणाला. “पुस्तक यानं परत दिलं होतं. मी ठेवून घेतलं आणि खोटं बोललो.” त्यानं पुस्तक मिटलं. “आकाराम, लहान होतो रे मी.”

“म्या तुमच्याहून एक वर्सानं ल्हान हुतो.”

यज्ञेश्वर पायरी उतरून आला आणि पुस्तक त्याच्यापुढं धरलं. “हे तुझ्याकडं ठेव.”

“शाळंचं हाय, शाळंला द्या. एकदा परत दिल्याली वस्तू म्या घेत न्हाय.”

भैरवीनं पन्ह्याचे दोन पेले आणले. चिमणाबाईनं पेला हातात घेतला नाही. “ठेव बाई तिथं,” म्हणाली आणि काठी टेकत उठली. अंगणातून कुणी त्यांना अडवलं नाही.

रिक्षात आकारामला हलकं वाटायला हवं होतं. बावन्न वर्षं ज्या घटकेची वाट बघितली ती येऊन गेली होती आणि मनासारखी गेली होती. यज्ञेश्वरचा उतरलेला चेहरा आठवून त्याला गोड वाटत होतं, खोटं कशाला बोला. त्यानं आईकडं पाहिलं. ती कनवटीला चाचपत होती. बराच वेळ तिला गाठ सुटेना. मग तिनं किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. किल्ली अंगाच्या उबेनं गरम होती.

“ऱ्हाऊ दे की आई तुझ्याकडंच. आता कशाला?”

चिमणाबाई बाहेर बघत राहिली. उमा टॉकीजच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, “तवाच द्याय पायजे हुती.”

आकारामनं मूठ मिटली. यज्ञेश्वरचा हिशोब अंगणात पुरा झाला होता, हा दुसरा मात्र कुणाकडून वसूल करायचा ते त्याला कळेना. सिग्नल सुटला. त्यानं किल्ली खिशात टाकली आणि आईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून आत ओढून घेतला.