चर्चमागची विहीर

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाच्या दुष्काळात मी विहिरींच्या पाहणीसाठी उदगीरकडच्या एका खेड्यात गेलो. गावची विहीर आटली होती. पाणी होतं ते जुन्या मेथडिस्ट चर्चमागं. तिथं रहाटापाशी एक म्हातारी पदर खोचून उभी होती.

"चर्च कधीचं?" मी विचारलं.

"आमच्या आज्यानं आधी ही हीर खांदली, मंग चर्च बांधलं. गावच्या हिरीवर आमाला चढू देत नव्हते. घागरीत लांबून, वरून वतायचे, तेबी मर्जी आसंल तर."

तेवढ्यात पाटलांची सून रिकामी घागर घेऊन आली आणि दूरच थबकली. म्हातारीनं ताठ मानेनं पुढं होऊन दोर तिच्या हातात दिला.

"या पाटलीणबाई, जवळ या. हितं वरून वतायची रीत न्हाई. आपल्या हातानं शेंदा."